कवळीतलं हसू

प्रिय मेणबत्ती,

या नावाने तुला हाक मारून एकेचाळीस वर्षं झाली. पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय, म्हणून तू ते उघडलंस तरी. आत हे नाव बघून कागद चुरगळावासा वाटला तर तुला बोल लावणार नाही. पण थांब जरा. तुझा राग जुना आहे, तो कुठे पळून जात नाही. आधी एक गंमत ऐक, मग काय करायचं ते कर. ही गंमत अख्ख्या जगात तुलाच कळेल. बाकी कुणाला सांगायला गेले तर म्हणतात, दातांचं काय एवढं कौतुक! आपण दोघींनी मास्तरांच्या लॅबमध्ये पाच वर्षं एका बाकावर बसून लोकांच्या कवळ्या केल्या, कोपराला कोपर लावून, आणि मग एका सोमवारी तू अ‍ॅप्रन खुंटीला अडकवलास आणि गेलीस. त्या सोमवारबद्दलही मला बोलायचंय, ते बोलल्याशिवाय हे पत्र मी बंद करणार नाही. पण सरळ मुद्द्यावर यायला मला कधी जमलंय? तू म्हणायचीस, हिला चहा हवा असला तरी ही आधी हवापाण्याचं बोलून घेते. ते अजून तसंच आहे.

तर झालं काय, माझी सून एक कादंबरी घेऊन आली. ती वाचनालयात नोकरीला आहे, त्यामुळे आमच्या घरात पुस्तकांना तोटा नाही, वाचणाऱ्यांना आहे. मला वाचत बसायचा कंटाळा, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती वाचते आणि मी समोर बसून घरातल्या सगळ्यांची तुटलेली बटणं लावते. कादंबरीत एक सत्तरीची बाई आहे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. कुठल्याशा दवाखान्यात तिच्यावर काहीतरी प्रयोग करतात आणि बाई पंचविशीची दिसायला लागते. आतून सत्तर, बाहेरून पंचवीस. मग ती आपल्याच जुन्या गल्लीत जाते, सख्ख्या बहिणीकडे भाडेकरू म्हणून राहते आणि बहिणीला पत्ता नाही. मला ते भारी आवडलं. आता ओळखेल, मग ओळखेल, असं करत मी सुनेला जेवायला उठू देईना. पण खरं सांगू, माझं अर्धं लक्ष भलतीकडेच. लेखकाने त्या बाईची कातडी बदलली, केस बदलले, कंबर बदलली, गुडघेसुद्धा नवे दिले. पण तीनशे पानांत दातांबद्दल चकार शब्द नाही! बाई तर ऊठसूट हसते. कशाने हसते? सत्तरीच्या दातांनी? मी म्हटलं, या गृहस्थाने जन्मात कधी म्हातारीच्या तोंडात डोकावलेलं नाही. सून म्हणाली, आई, तुम्ही गोष्ट ऐकताय की तपासताय? आणि शेवटी बहिणीने ओळखलं कशावरून, तर जिन्यावरच्या पावलांवरून. छे! आपल्या धंद्यातलं कुणी असतं तर पहिल्याच पानावर ओळखलं असतं.

हे सगळं मला एवढं झोंबलं याचं कारण त्या दिवसांत माझ्याच तोंडाचे बारा वाजले होते. तू गेल्यावर तीन वर्षांनी मी प्लास्टरची पेटी घेऊन लॅबच्या जिन्यावरून गडगडले आणि पुढचे सहाही दात अर्ध्यातून मोडून बसले. तेव्हापासून त्या जागी टोप्या होत्या, मीच केलेल्या, सरळसोट आणि पांढऱ्याफेक. आमचे हे माझ्या आयुष्यात आले ते त्या टोप्यांनंतर, त्यामुळे माझे मूळ दात कसे होते ते त्यांनाही ठाऊक नाही. आता सदुसष्टाव्या वर्षी उरलेसुरले दातही हलायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून टाकू या सगळे. काढले. मग तीन महिने हिरड्या भरून येईपर्यंत मी बोळक्या तोंडाने हिंडत होते. गाल आत, ओठ आत, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. आयुष्यभर इतरांची तोंडं भरली, पण रिकामं तोंड आतून कसं लागतं ते मला माहीतच नव्हतं. लोक आपल्याशी मोठ्याने बोलायला लागतात, लक्षात आलंय का तुझ्या? दात गेले की कान गेले असं त्यांना वाटतं.

डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं आणि म्हणाल्या, कवळी तुम्हीच करा, तुमच्यापेक्षा चांगली कोण करणार. मग माझ्या डोक्यात ती कादंबरी वळवळायला लागली. म्हटलं, करायचीच तर दुकानात मिळतात तसले छापील दात नकोत. माझे पंचविशीतले दात करते! बघू तरी काय होतं. लॅबच्या माळ्यावर जुना खोका होता, मास्तरांनी लॅब मला दिली तेव्हापासून मी तो उघडला नव्हता. आपण शिकाऊ होतो तेव्हा मास्तरांनी आपल्याला एकमेकींची मापं घ्यायला लावली होती, आठवतंय? तू माझ्या तोंडात एवढं मिश्रण कोंबलंस की मला ठसका लागला आणि तू हसत हसत खुर्चीवरून पडलीस. ते दोन्ही साचे त्या खोक्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले सापडले. एकाच्या तळाशी गोल, माझी खूण. दुसऱ्याच्या तळाशी फुली, तुझी. दोन्ही खुणा पेन्सिलीच्या, माझ्याच अक्षरातल्या. मी गोलवाला घेतला आणि फुलीवाला परत गुंडाळून ठेवला.

कामाला अकरा दिवस लागले. साच्यावरचे पुढचे सहा दात मी जसेच्या तसे उतरवले. डावीकडचा दुसरा दात किंचित आत वळलेला होता आणि त्याच्या शेजारचा सुळा जरा लांब, त्यामुळे त्या बाजूला एक छोटीशी सावली पडत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा वाकडेपणा काढून टाका की. मी म्हटलं, अहो, तोच तर ठेवायचाय. मला वाटलं, होता बाई आपला एक दात असा, आपणच विसरलो. फोटोत बघावं तर आमच्या घरी फोटोपुढे दात दाखवणं म्हणजे आगाऊपणा, एका फोटोत माझं तोंड उघडं नाही. मेणात दात बसवताना त्या वळलेल्या दाताचा कोन मला तीनदा बदलावा लागला. तो अगदी जमला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने शाबास म्हणाले.

आणि काय सांगू तुला! कवळी घातली, गाल वर आले, ओठ भरले, नाकापासून हनुवटीपर्यंतच्या त्या दोन घड्या होत्या ना, त्या निम्म्या गायब. मी आरशापुढे वाकून बघते तर समोर कुणी पन्नाशीची ठसठशीत बाई. हसले तर चाळिशीची! मास्तर सांगायचे ते आठवलं, की तोंडाची उंची परत दिली की चेहरा वीस वर्षं मागे जातो. शेकडो लोकांना मागे पाठवलं, स्वतः कधी गेले नव्हते. पुढचे काही दिवस मी अगदी निर्लज्जासारखी हिंडले. काम नसताना बाहेर पडायचे. बँकेतल्या मुलीने पासबुकावरची जन्मतारीख दोनदा बघितली. इस्त्रीवाला दहा वर्षं मला आजी म्हणत होता, तो ताई म्हणाला आणि मग जीभ चावली. शेजारीण तर दबक्या आवाजात विचारायला आली, कुठे केलंत, आणि केवढ्याला पडलं. मी म्हटलं, घरीच केलं, हाताने. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

पण त्यात एक खोट होती आणि ती मला पहिल्या आठवड्यातच जाणवायला लागली. मी तरुण दिसत होते, पण मी दिसत नव्हते. तोंड मिटलेलं असलं की मी असायचे. हसले की दुसरंच कुणी. आमचे हे घड्याळं दुरुस्त करणारे, बारीक गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, तू हसलीस की घरात कुणी पाहुणी आल्यासारखं वाटतं, आणि मी सदरा नीट करतो. मी हसण्यावारी नेलं. पण मग मला नादच लागला. आरशापुढे उभी राहून मी निरनिराळी हसून बघायला लागले. थोडं, जास्त, खोटं, खरं. ही कोण आहे, कुठे बघितलंय हिला? ओठावर येतंय येतंय आणि येत नाही, असं व्हायचं. एकदा सुनेने काहीतरी विनोद केला आणि समोरच्या कपाटाच्या काचेत मी खळखळून हसताना स्वतःला बघितलं. माझा हात आपोआप वर गेला, शेजारी बसलेलीच्या दंडाला चिमटा काढायला. शेजारी कुणी नव्हतं. मी तो हात तसाच खाली आणला आणि सुनेला म्हटलं, पुढे वाच.

उत्तर मला मास्तरांनी दिलं. मास्तर आहेत अजून, एक्क्याण्णव वर्षांचे. मुलीकडे राहतात, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले असतात. डोळे जवळजवळ गेलेत, पण हात तसेच आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी मी जाते. या वेळी काम दाखवायला मुद्दाम गेले, म्हटलं बघू, शाबास म्हणतात का. जन्मात दोनदा म्हणाले असतील, आणि त्यातलं एकदा तुला. मी काही बोलायच्या आत त्यांनी नेहमीसारखी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि अंगठा पुढच्या दातांवरून फिरवला. उजवीकडून डावीकडे, सावकाश. त्या वळलेल्या दातापाशी अंगठा थांबला. मग सुळ्यावर गेला आणि परत मागे आला. मेणबत्ती, ते म्हणाले, मेणबत्ती, तू आलीस होय. किती दिवसांनी आलीस गं.

मला आधी हसू आलं. म्हटलं, मास्तर आता घोळ घालायला लागले. पण त्यांचा चेहरा बघून हसू विरलं. तिथे ते आणखीही काही बोलले, ते पुढे सांगते. घरी न जाता मी तडक लॅबमध्ये गेले. दातांवरून भांडता येतं, दात झिजतात, हलतात, माणूस विसरतो. पण टाळूवरच्या वळ्या? जिभेच्या टोकाला लागतात त्या, पुढच्या दातांच्या मागे? आपल्याला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की प्रत्येकाच्या वेगळ्या आणि मरेपर्यंत त्याच. माझा आत्ताचा साचा बाकावर होता, डॉक्टरीणबाईंच्या मापाचा. त्याच्या शेजारी मी माझा जुना, गोलाच्या खुणेचा साचा ठेवला आणि भिंग घेतलं. एकही वळी जुळेना. आत्ताच्या साच्यावर मधोमध दोन फाटे फुटलेली वळी आहे, त्या जुन्यावर तीन सरळ रेघा. मग तुझ्या फुलीवाल्या साच्यावरचं वर्तमानपत्र सोडलं. दोन फाटे, मधोमध. आणि पुढचे दात साधे, सरळ, कुणी लक्षात ठेवू नयेत असे. ते माझे दात होते गं! चाळीस वर्षांनी मी माझे दात बघत होते आणि ते मला ओळखीचे वाटत नव्हते. ज्या साच्यावर मी अकरा दिवस जीव ओतला, तो तू होतीस. एवढं भिंग लावून काम केलं, पण टाळूकडे बघायचं मला सुचलंच नाही, कारण तळाशी माझी खूण होती.

अदलाबदल कशी झाली हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. मापांत प्लास्टर ओतलं की आपण ती काचेवर पालथी घालायचो. मास्तरांचा नियम होता की ओळ खिडकीकडून लावायची, आणि नावांच्या चिठ्ठ्याही त्याच क्रमाने पुढे मांडायच्या, म्हणजे घोळ नको. मी डावखुरी. ढीगभर मापं असली की मी नियम आठवून खिडकीकडून सुरुवात करायचे. पण दोनच असली की हात जिथे पडेल तिथे, म्हणजे दाराकडून. मग साचे सुकले की मी चिठ्ठ्या वाचत खिडकीकडून खुणा करायचे. दोनाची अदलाबदल व्हायला एवढं पुरे. मी हे त्याच बाकाशी उभं राहून, दोन रिकाम्या वाट्या ठेवून करून बघितलं. चारदा केलं. चारही वेळा माझा हात दाराकडे गेला. सदुसष्ट वर्षांचा हात, आणि अजून दाराकडेच.

आता तो सोमवार. तुला माझ्याकडून आठवण नको असेल, पण हे पत्र कधी तुझ्या मुलांच्या हाती पडलं तर त्यांना कळायला हवं, म्हणून लिहिते. शनिवारी आपल्याकडून दोन कवळ्या गेल्या होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची आणि एका निवृत्त ड्रायव्हरसाहेबांची. दोघांनाही घाई, म्हणून मधली तपासणी डॉक्टरांनी गाळली. बाईंचा जबडा ड्रायव्हरसाहेबांएवढाच ऐसपैस, त्यामुळे कवळी तोंडात बसली तरी. रविवारी शाळेच्या समारंभात भाषण करताना ती बाईंच्या तोंडातून निसटून टेबलावर पडली, तीनशे लोकांसमोर. सोमवारी सकाळी बाई लॅबमध्ये येऊन उभ्या होत्या. मास्तर त्यांना पुढच्या खोलीत घेऊन गेले, तू पाणी आणायला गेलीस. त्या कामात माप ओतणं माझं, चिठ्ठ्या लिहिणं आणि दात बसवणं तुझं. मास्तर परत आले आणि म्हणाले, ते दोन साचे आणा, तळाची खूण कुणी केली ते बघू, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. साचे फळीवर नव्हते. ते तुझ्या बाकाखालच्या बादलीत सापडले, चुरा झालेले.

मास्तर चुकीवर चिडले नव्हते, हे तुलाही माहीत आहे. चुका सगळ्यांच्याच होत होत्या. पण चूक लपवायला साचे फोडायचे, हे त्यांच्या डोक्यातच बसेना. तू एकच वाक्य परत परत म्हणत होतीस, मी नाही फोडले. तिसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मी मेणात डोकं घालून बसले होते. मग तू अ‍ॅप्रन काढलास. तुझ्यासारखा हात त्या लॅबमध्ये परत आला नाही, हे मी तुला खूश करायला म्हणत नाही. दोन वर्षांनी मास्तरांनी मला भागीदार केलं आणि पुढे लॅबच माझ्या हवाली केली. तू तिकीटखिडकीवर नोकरी धरलीस हे मला कळलं होतं. एकदा मी त्या रांगेत उभी होते, पुढे चार माणसं उरली असताना काचेमागे तू दिसलीस. नोटा मोजत होतीस, त्याच बोटांनी. मी रांग सोडली आणि दुसऱ्या खिडकीवर गेले. तिथे तासभर लागला.

तर मास्तर तिथे आणखी काय बोलले ते आता सांगते, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. माझी हनुवटी हातात धरून, मला तू समजून, ते म्हणाले, साचे फोडायला नको होते गं, चूक काय, मी पोटात घातली असती. मग म्हणाले, जाऊ दे, मी केव्हाच माफ केलंय तुला. आणि मी काय केलं असेल? मी तुझ्या दातांनी म्हटलं, हो मास्तर. एकेचाळीस वर्षांनी मी तुझ्या नावावर पुन्हा एकदा गुन्हा कबूल करून आले. त्यानंतर कवळी तोंडात ठेवणं मला जमेना. काल मी ती काढून, बोळक्या तोंडानेच मास्तरांकडे गेले, त्यांच्या मुलीला शेजारी बसवलं आणि सांगून टाकलं. वर जे टाळू आणि वळ्या आणि डावा हात असं एवढं लांबण लावलं ना, त्यातून मला काही नवीन कळलं नाही, मेणबत्ती. मी फक्त भिंग घेऊन माझ्या चुकीभोवती फिरत होते. मला त्याच सोमवारी कळलं होतं. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी फळीवरून ते साचे काढले, तळ बघितला, दोन्ही खुणा माझ्या अक्षरात होत्या. साचे मी फोडले. बादली जवळ होती ती तुझी, म्हणून तुझ्या बादलीत टाकले, आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, तिला सांगितलंस का? आता सांगितलं. माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. सोबतच्या कागदावर हेच तीन ओळींत लिहून मी सही केली आहे, साक्षीला मास्तरांच्या मुलीची सही आहे, आणि खाली मास्तरांनी कागद चाचपत तुझं नाव लिहून पुढे लिहिलंय, निर्दोष. तो कागद तुझा आहे.

तुझीच,
ठेंगू